मागांच्या भिंतीशी वाढलेला करवानी

मामा पिल्लं घेऊन आला तेव्हा वैशाख चालू होता. सुरतेत नवागामच्या आमच्या खोलीचा पत्रा दुपारी इतका तापायचा की आई दारातच परात ठेवून भाजी निवडत बसायची. मामाने घोंगडीची गाठ तिच्या पुढ्यात सोडली आणि दोन पिल्लं बाहेर पडली. एक काळं, जाड हाडाचं, मोठ्या डोक्याचं. ते तिथेच बसलं आणि भुंकायला लागलं. दुसरं मातकट रंगाचं, लांब तोंडाचं, पोट पाठीला लागलेलं. ते भुंकलं नाही. गल्लीच्या टोकाला एक कोंबडी पळत होती, तिच्याकडे ते टक लावून पाहत राहिलं.

"यातलं एक ठेवायचं," मामा म्हणाला. "दुसरं गावातल्या पाटलाला देऊन टाकायचं."

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्याची मेंढरं होती. पावसाळ्यात तो साक्रीकडे असायचा आणि दिवाळीनंतर मेंढरं घेऊन सुरतेकडे उतरायचा. इकडचे शेतकरी कापणी झालेल्या रानात त्याचा कळप बसवून घ्यायचे, लेंडीखतासाठी. मेंढ्या विताना तो नेमका इथेच असे आणि उसातले कोल्हेही नेमके तेव्हाच धीट होत. आदल्या हिवाळ्यात त्याची बरीच कोकरं गेली होती आणि म्हातारा कुत्रा हायवेवर ट्रकखाली सापडला होता.

तोपर्यंत मामाकडे कायम त्या काळ्या पिल्लाच्या जातीचे, धनगरी कुत्रे होते. ते भुंकतात, थोडं पळतात आणि कळपाकडे परत येतात. कोल्ह्यांना हे कळून चुकलं होतं. एक कोल्हा कुत्र्याला एका बाजूला ओढून न्यायचा आणि दुसरा मागून कोकरू उचलायचा. म्हणून मामाला या वेळी नुसता राखणारा नको होता. कोल्ह्याला गाठून पाडणारा हवा होता, आणि ते लांब तोंडाचं पिल्लू करवानी जातीचं होतं. करवानी कुत्रा ससा धरतो हे सगळ्यांना माहीत होतं.

माझ्या शाळेच्या लायब्ररीत कुत्र्यांवरचं एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. त्यात असं होतं की डोळ्यांनी शिकार करणाऱ्या जातीला सगळ्यात आधी परत यायला शिकवावं, धरायला ती आपोआप शिकते. हे मला सांगायचं होतं. पण मी शाळेत इंग्रजी, गल्लीत गुजराती आणि हिंदी बोलायचे, घरात आईची अहिराणी चालायची. कुठल्या भाषेत सुरुवात करायची हे ठरवेपर्यंत मोठी माणसं पुढच्या विषयावर गेलेली असायची. त्या दिवशीही गेली. करवानी ठरला.

पावसात रानात पिल्लू जगत नाही, म्हणून दिवाळीपर्यंत तो आमच्याकडे राहणार होता. आईला काळजी वेगळीच. आमच्या खोलीची मागची भिंत म्हणजे मागांच्या खात्याची, कापड विणण्याच्या कारखान्याची भिंत. पप्पा त्याच खात्यात मास्तर होते, माग बिघडला की दुरुस्त करायचे. चोवीस तास तो खटखटाट. भांडी मांडणीवर आपोआप सरकायची.

"भेदरून जाईल ते," आई म्हणाली.

"उलट आहे," पप्पा म्हणाले. "या आवाजात वाढला ना, तर जगात कशालाही भिणार नाही. फटाका असो का बिबट्या असो."

हे सगळ्यांना इतकं पटलं की गल्लीतले लोक येऊन पिल्लाला बघून जायचे. समोरच्या गुजराती काकी रोज तेच म्हणायच्या, "आ तो घोडो छे, घोडो!" मामाच्या रिवाजाप्रमाणे पहिला कोल्हा पळवल्याशिवाय कुत्र्याला नाव ठेवायचं नसतं. त्यामुळे तो माझ्या कमरेएवढा झाला तरी आम्ही त्याला पिल्लूच म्हणत होतो.

मामाने शिकवणीचं सगळं बजावून ठेवलं होतं. कच्चं मांस दाखवायचं नाही. शेजारच्या शेळ्यांचं पाणी पिऊन झालं की मग याला भाकरी आणि दूध, म्हणजे त्या आधी आणि हा नंतर हे त्याला कळेल. शेळीच्या पिल्लाला हुंगलं तर हुंगू द्यायचं, तोंड उघडलं तर नाकावर टिचकी. हे काम आईचं. पळवायचं काम पप्पांचं आणि माझं. सुट्टीच्या दिवशी आम्ही दिंडोलीच्या पुढे कालव्याच्या कच्च्या रस्त्यावर जायचो. पप्पा सायकलला दोरीने गोणपाट बांधून जोरात पुढे जायचे, मी पिल्लाला धरून उभी राहायचे. पप्पांनी हात वर केला की मी सोडायचे. तो कसा पळायचा हे मला नीट सांगता येत नाही. पाय जमिनीला लागतात की नाही असं वाटायचं. गोणपाट धरलं की पप्पा सायकलवरून उतरून तळहात खाली दाबायचे, की हा सोडून द्यायचा. पप्पा खूश व्हायचे. मीही व्हायचे.

श्रावणात केव्हातरी माझ्या लक्षात आलं. मी त्याच्या मागे बसून अभ्यास करत होते आणि हातातून स्टीलचा डबा पडला. फरशीवर पडलेल्या डब्याचा आवाज मागांच्या खटखटाटातही ऐकू येतो. त्याचा कानसुद्धा हलला नाही. मग मी मुद्दाम पाहायला लागले. मामाने मेंढीच्या गळ्यातली एक घंटा ठेवली होती, ती त्याच्या पाठीमागे वाजवली. काही नाही. हाक मारली. काही नाही. समोर येऊन हात हलवला की लगेच उठून यायचा.

मला वाटलं तो बहिरा आहे. बहिरा कुत्रा मामा कशाला ठेवेल, आणि तोपर्यंत दुसरं पिल्लू कुठून येणार?

आठवड्यातून एक दिवस खात्याची वीज बंद असायची. त्या दिवशी माग थांबले तसा तो ताडकन उठला, दारात गेला, परत आला आणि बारीक आवाजात कुईंकुईं करत बसला. म्हणजे त्याला ऐकू येत होतं. आवाज थांबलेला त्याला कळला होता.

त्यानंतर मी आमच्याच घराकडे पाहिलं. खातं चालू असताना आम्ही कोणी एकमेकांना हाक मारत नव्हतो. पाणी हवं तर अंगठा ओठाला, जेवायला चल तर बोटं एकत्र करून तोंडाकडे, थांब म्हणजे तळहात खाली. मागावर काम करणारी माणसं तशीच बोलतात आणि आम्हीही तसेच बोलत होतो, इतकी वर्षं, विचार न करता. पिल्लू आमच्याकडून हेच शिकलं होतं. दिसतं त्याला अर्थ असतो. आवाज म्हणजे नुसती भिंत.

पण रानात संध्याकाळी, ऊस डोक्याच्या वर गेलेला असताना, मामा शीळ घालणार होता. घंटा वाजणार होती. आणि पिल्लू उसात घुसलं तर त्याला परत बोलावणार कसं? त्या वर्षी कामरेजकडच्या उसात बिबट्याने वासरू नेल्याचं दूधवाला सांगत होता. कोल्ह्यामागे उसात शिरलेला कुत्रा बिबट्याला आयताच मिळतो.

मी आईला सांगितलं. ती पीठ मळत होती. "हाऊ आयकत नही? तुन्ह्या पुस्तकमा लिखेल शे का?" असं म्हणून हसली.

पप्पांना सांगणं जास्त अवघड होतं. पप्पांनाही आता डाव्या बाजूने बोललेलं कळत नसे. ते मान हलवायचे आणि आम्ही काही म्हणायचो नाही. या आवाजाने कान निकामी होतो असं त्यांच्यासमोर कसं म्हणायचं? मी एवढंच म्हटलं, "पप्पा, तो हाकेला येत नाही."

"हाताला येतो ना?"

"पण रानात..."

"बेटा, वाघासारखा कुत्रा आहे," पप्पा म्हणाले आणि जुन्या मागाच्या पट्ट्याला खिळे ठोकत राहिले. बिबट्याने मान धरू नये म्हणून ते पिल्लासाठी पट्टा बनवत होते. पट्टा चांगला झाला होता. टोकं बाहेर, आत गोणपाटाचं अस्तर. तो पाहून मला आणखीच धास्ती वाटायला लागली.

दिवाळीनंतर मामाचा कळप आला. खात्याला सुट्टी होती त्या दिवशी आम्ही तिघं आणि पिल्लू टेम्पोत बसून गेलो. शेताच्या एका अंगाला कापलेलं भात, दुसऱ्या अंगाला उभा ऊस, मध्ये मेंढरं. नुकतीच जन्मलेली कोकरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात होती. थोडी मोठी झालेली आयांबरोबर बाहेर चरत होती. मामाने पिल्लाला पाहिलं, पोट चाचपलं, पाय दाबून पाहिले आणि आईला म्हणाला, "बहिणी, दूध तू पाजलं का हत्तीणीनं?"

पिल्लू कोकरांजवळ गेलं, हुंगलं आणि त्यांच्यात जाऊन झोपलं. मामा इतका खूश झाला की त्याने पप्पांना मिठीच मारली. मी उसाकडे बघत होते. तिथे काही हलत नव्हतं आणि तेच मला नको होतं.

ऊन कलल्यावर ते झालं. कळपाच्या पलीकडच्या टोकाला घंटा एकदम वाजायला लागल्या. मेंढ्या एका बाजूला दाटल्या. मामाने शीळ घातली. पिल्लू झोपलेलंच. मामाने पुन्हा शीळ घातली, मग ओरडला, "आठे ये रे! ऊठ!" पिल्लाने जांभई दिली.

"दाजी, हाऊ कुत्रा शे का नवाबना जवाई?" मामा काठी घेऊन पळत म्हणाला.

पप्पांचं तोंड उतरलेलं मी पाहिलं. मी धावत पिल्लाच्या समोर गेले आणि हात वर केला, कालव्यावर पप्पा करायचे तसा. तो उठला. माझा हात जिकडे होता तिकडे त्याने पाहिलं आणि कोल्हा त्याला दिसला. तोंडात कोकरू होतं, म्हणून कोल्हा वाकडा पळत होता.

पिल्लाने अर्ध्या शेतात त्याला गाठलं. कोल्ह्याने कोकरू टाकलं आणि उसात उडी मारली. पिल्लूही त्याच्या मागे उसात गेलं.

मग सगळे ओरडायला लागले. मामा शीळ घालत होता, आई "ये रे ये" करत होती, पप्पा थाळी बडवत होते. ऊस आतपर्यंत हलताना दिसला, मग तोही थांबला. मी ओरडले नाही. त्याला ऐकू येत होतं, पण त्याच्यासाठी ते सगळे आवाज म्हणजे मागच होते. मी बांधावरून ऊस संपतो त्या पलीकडच्या कोपऱ्याकडे पळाले. तिथे पाट होता आणि पाटाच्या बाजूने मोकळं होतं. कुठूनही बाहेर पडला तर मी त्याला दिसायला हवी, एवढंच डोक्यात होतं. मी पाटाच्या काठावर चढून दोन्ही हात वर करून उभी राहिले. हात दुखायला लागले. ओढणी पाण्यात पडली. उसात काहीतरी मोडल्याचा आवाज आला आणि मला वाटलं, हा तो नाही.

तोच होता. कान फाटलेला, जीभ बाहेर. त्याने मला पाहिलं. मी तळहात खाली केला आणि तो बसला.

कोकरू जिवंत होतं. आईने त्याच्या मानेला हळद लावली. मामाने पिल्लाचा फाटलेला कान पाहिला. मग पप्पांना म्हणाला, "दाजी, याला ठेवता येत नाही. हा मरेल आणि याच्या भरवशावर माझी कोकरंही मरतील."

पप्पा खाली बघत होते. तेव्हा मीच बोलले. मराठीत, अर्धी अहिराणी, मध्ये गुजरातीसुद्धा. मागांचं, हातांचं, वीज बंद असते त्या दिवसाचं, सगळं सांगितलं. माझा आवाज मला फार मोठा वाटत होता. "त्याला ऐकायला लावू नका," मी म्हटलं. "ऐकणारा दुसरा कुत्रा त्याच्याजवळ ठेवा. तो बघतो. तो कुत्र्याकडे पण बघेल."

"अन् उसात गेला तर, मास्तरीणबाई?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

मामाने पप्पांकडे पाहिलं. पप्पा म्हणाले, "आठ दिवस ठेव. नाही जमलं तर मी घेऊन जातो. माझी चूक आहे, तिची नाही."

मामाने शेजारच्या वाड्यावरून एक बुटकी गावठी कुत्री आणली. कायम भुंकणारी. दोघांना एकाच खुंटीला बांधलं, एकत्र खायला घातलं. दिवसभर हा तिच्या तोंडाकडे बघत बसायचा असं मामाने निरोपात कळवलं. त्या आठवड्यात मी शाळेत काय शिकले ते मला आठवत नाही. दारात कोणी आलं की निरोप आला असं वाटायचं.

पुढच्या सुट्टीला आम्ही गेलो तेव्हा मामाने दोघांनाही मोकळं ठेवलं होतं. ऊन उतरल्यावर कुत्री उठली आणि उसाच्या दिशेने भुंकायला लागली. मामाने शीळ घातली नाही. पिल्लाने आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिचं तोंड जिकडे होतं तिकडे, आणि निघाला. कोल्हा बांधावर होता. या वेळी त्याच्या तोंडात काही नव्हतं. पिल्लू वाऱ्यासारखं गेलं आणि कुत्री तिच्या आखूड पायांनी मागे.

कोल्हा उसात शिरला. आई माझा दंड घट्ट धरून उभी होती. कुत्री बांधावर येऊन थांबली. तिला उसात जायचंच नव्हतं, ती बाहेरूनच भुंकत राहिली. पिल्लाचे पुढचे पाय उसात गेले होते. त्याने बाजूला पाहिलं. ती तिथे नव्हती. त्याने मागे पाहिलं.

तो तसाच थांबला, पुढचे पाय उसात आणि मागचे बांधावर. मला वाटलं आता जाईल. मग त्याने पाय काढून घेतले आणि तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"बसा," मामा आम्हाला म्हणाला, "आता याला नाव ठेवायचंय." आम्ही सगळे उभेच होतो.