कोसमटोल्याचा मंजूर रस्ता

कालिंदीबाईंनी अर्धे देव चिंच लावून घासले होते आणि अर्धे ताटात तसेच काळे बसले होते, तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. हात भरलेले, म्हणून त्यांनी मोरीतूनच आवाज दिला, "अहो, पाहा नं कोण हाय ते!"

आत यजमान चिंतामणराव कॉम्प्युटरपुढे बसून जगाचा नकाशा काढत होते. घराचं फाटक त्यांना सापडलं नाही.

चिंतामणराव बांधकाम खात्यात एकतीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. टेबल, पट्टी, काळी शाई आणि दर तासाला चहा. भाजी आणायला वसंता नावाचा चपराशी असायचा, त्यामुळे बालाघाटचा भाजीबाजार कोणत्या अंगाला आहे हे त्यांना निवृत्त झाल्यावर, म्हणजे दोन हजार सात साली कळलं. त्याच साली पुण्याहून लेकीनं, श्रियानं, जुना कॉम्प्युटर पाठवला आणि फोनवर समजावलं, की बाबा, इंटरनेटवर एक फुकटचा नकाशा आहे, जगभरची माणसं मिळून काढतात, कोणीही काढावा आणि कोणीही वापरावा.

"पगार?" कालिंदीबाईंनी विचारलं होतं.

"पगार नाही गं आई. सेवा."

सेवा कालिंदीबाईंना ठाऊक होती. गेली बावीस वर्षं त्या दर गुरुवारी दत्ताच्या देवळाची फरशी गुडघ्यावर बसून पुसत होत्या. पण खुर्चीत बसून, मांडीवर उशी घेऊन, "जरा चहा टाक" म्हणत करायची सेवा त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. आणि सेवेकरी तरी कसे! एक नागपूरचा, दोन बंगलोरचे, एक थेट जर्मनीचा. तेलघाणीमागची वाट ही गल्ली धरायची की पायवाट, यावर हे लोक तीन दिवस भांडले. समोरासमोर दोन गाई आल्या की एकीला मागं सरावं लागतं, एवढं कालिंदीबाई त्यांना एका वाक्यात सांगू शकल्या असत्या. त्यांना कोणी विचारलं नाही.

तसं म्हटलं तर चिंतामणरावांनी त्यांनाच विचारलं होतं, आणि तेही दोन वर्षं. पोळ्या लाटत लाटत त्यांनी सांगितलं, इथून वळलं की दातवाल्या डॉक्टरची गल्ली, मग कासाराची, मग ती दत्ताच्या देवळाशी निघते. अशा एकशे चाळीस गल्ल्या नकाशावर चढल्या. नाव चिंतामणरावांचं लागलं. जर्मनीवाल्यानं शाबासकी लिहून पाठवली, तिचा कागद काढून त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवला, श्रियाच्या लग्नाच्या फोटोवर.

फाटकात महेंद्र मास्तर उभा होता. परसवाड्याकडच्या प्राथमिक शाळेत शिकवायचा आणि सुटीच्या दिवशी मोटरसायकलला जीपीएसचं यंत्र बांधून गावोगावचे रस्ते नोंदवायचा. तोही त्या फुकटच्या नकाशावालाच, पण पायानं फिरणारा, म्हणून कालिंदीबाई त्याला दोन पोळ्या जास्त वाढत. आज त्याची पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं माखली होती.

"काकाजी," तो दारातूनच बोलला, "तुमचा कोसमटोल्याचा रस्ता कुठं हाय?"

"नकाशावर हाय नं," चिंतामणराव मान न वळवता म्हणाले.

"नकाशावर हाय म्हणून तं गेलतो! चांगला सात किलोमीटरचा पक्का रस्ता अन् वर पूल. पूल काही दिसला नाही. मी अन् गाडी, दोघंबी नाल्यात."

कालिंदीबाई खळखळून हसल्या आणि त्याच्या पायावर घालायला पाण्याची बादली घेऊन आल्या.

चिंतामणराव उठले. लोखंडी पेटीतून त्यांनी कापडात गुंडाळलेली एक सुरळी काढली आणि देवाच्या पोथीसारखी दोन्ही हातांवर धरून आणली. ट्रेसिंगच्या कागदावर काळ्या शाईची रेघ, नाल्यावर पुलाची नाजूक कमान आणि खाली लाल शिक्का, 'स्वीकृत'.

"एकोणीसशे चौऱ्यांशी. मी काढला. इंजिनियर साहेबाची सही पाहा. भूमिपूजन झालतं."

"सही हाय काकाजी, रस्ता नाही."

"मंजूर झालेला रस्ता नाही कसा?"

ते खरोखरच विचारत होते असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. खात्यात सही झाली की काम झालं. पुढं मुरूम, गिट्टी, मजूर हे दुसऱ्या टेबलाचं. एकतीस वर्षांत त्यांनी छोट्यामोठ्या नाल्यांच्या मोऱ्या आणि साहेबांच्या बंगल्यांची कुंपणं रेखली. सबंध रस्ता, अन् तोही पुलासकट, वाट्याला आला तो हा एकच.

महेंद्रनं पाय धुतले आणि आवाज उतरवला. "काकाजी, आपला नियम एकच हाय. डोळ्यानं पाहिलं तेच काढायचं. बाकीचे नकाशावाले विचारून राह्यले, का हे चिंतामणराव बसल्या बसल्या रस्ते पाडतात काय? रविवारपर्यंत खुलासा नाही गेला तं तुमचं सगळं खोडतीन."

"सगळं?"

"हौ. खरं कोणतं अन् खोटं कोणतं, त्यायले काय माहीत?"

चिंतामणरावांनी कॉम्प्युटरकडे वळून पाहिलं. एकशे चाळीस गल्ल्या. कालिंदीबाईंचं हसू थांबलं. गल्ल्या त्यांच्याही होत्या.

"मंग जाऊन पाहा नं," त्या म्हणाल्या. "आजवर कधी गेलते का तिथं?"

"माझं काम ऑफिसमधलं होतं."

"म्हणजे पंचवीस वर्षांत एकदाबी नाही. देव बरा, तो निदान प्रदक्षिणा घालायले लावते."

शनिवारी सकाळी तिघं निघाले. कालिंदीबाईंना जावंच लागलं, कारण परसवाड्याची बस कुठून सुटते हे जगाचा नकाशा काढणाऱ्याला माहीत नव्हतं. चिंतामणराव पॉलिशचे बूट घालून आले, काखेत सुरळी. कंडक्टरनं ती छत्री समजून वर फळीवर टाकायला सांगितली, तेव्हा त्यांचा अपमान झाला.

परसवाड्याहून जीपनं आणि पुढं पायी. रस्ता सुरू व्हायचा तिथं घाणेरीच्या झुडपात एक दगड उभा होता. भूमिपूजनाचा. त्याच्या वरच्या कडा घासून गुळगुळीत झाल्या होत्या आणि टिकाराम नावाचा म्हातारा त्यावर विळ्याला धार लावत बसला होता.

"दादा, सडक किधर है?" महेंद्रनं विचारलं.

"सडक? पत्थर तक आई थी. जीप में. नारियल फोड़ा, लौट गई." टिकारामनं सुरळीकडे पाहिलं. "साब भी आए थे का तब?"

"नाही, हे टेबलावरून आलते," कालिंदीबाई म्हणाल्या.

नाल्याशी गेल्यावर महेंद्रनं बाजूची घसरण दाखवली, जिथून तो गाडीसकट खाली गेला होता. चिंतामणरावांच्या कमानीचं एक टोक जिथं टेकायला हवं होतं, तिथं काठच नव्हता. दोन पुरुष खोल सरळ कडा, खाली नुसता चिखल अन् रेती. पूल झाला असता तर हवेत टेकला असता. चिंतामणरावांनी कागद उलगडला, कड्याकडे पाहिलं, कागद फिरवून पाहिला. कागद फिरवल्यानं कडा सरकला नाही.

"तुम्ही लोक जाता कुठून?" त्यांनी शेवटी टिकारामला विचारलं. कोणाला काही विचारायची त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ असावी, घरच्या गल्ल्या सोडल्या तर.

"नीचे से. गाड़ी की बाट है, सब जाते हैं. पुल वहीं बनाते तो आधे दाम में बनता."

अर्धा कोस खाली मोहाच्या झाडांमधून बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या कोसमटोल्यापर्यंत जात होत्या. महेंद्रचं जीपीएसचं यंत्र कालिंदीबाईंनी हातात धरलं. देवाचं नाव घेत, चपला काढून, नाला ओलांडून त्या पुढं चालल्या आणि मागून चिंतामणराव बूट हातात घेऊन रेतीतून वाट काढत राहिले.

"काहून मागं राह्यले?" त्या ओरडल्या. "मंजुरी पाहिजे काय?"

रविवारी दुपारी महेंद्र घरी आला तेव्हा चिंतामणराव कॉम्प्युटरपुढे बसले होते. कोसमटोल्याचा पक्का रस्ता अजून पडद्यावर होता, पुलासकट. बोट बटणावर होतं आणि दाबत नव्हतं.

"शाईचा असता तं ब्लेडनं खरवडावा लागला असता," ते म्हणाले. "हा एकदम जाते."

"दाबा," कालिंदीबाई म्हणाल्या. चहा त्यांनी न मागता आणून ठेवला होता, एवढीच त्या दिवसाची दया.

रस्ता गेला. महेंद्रनं त्या जागी यंत्रातली बैलगाडीची वाट चढवली आणि चिंतामणरावांनी खुलासा लिहिला, एका ओळीचा: रस्ता मी काढला होता, पाहिला नव्हता. तासाभरात जर्मनीवाल्याचं उत्तर आलं. गल्ल्या राहतील. पण आणखी असे किती आहेत?

"लिहा, एकच होता," महेंद्र म्हणाला.

चिंतामणरावांनी मान खाली घातली. कालिंदीबाईंनी त्यांच्या मानेकडे पाहिलं. अडतीस वर्षांच्या संसारात ती मान कशानं खाली जाते हे त्यांना पाठ झालं होतं.

"किती?"

"माझे नाहीत. ऑफिसातल्या दुसऱ्यायचे. मंजूर होते म्हणून..."

"आकडा सांगा."

"चार. तीन उकव्याकडं. एक बिरशाजवळ."

महेंद्रनं कपाळाला हात लावला. कालिंदीबाई उठल्या, चिंतामणरावांचे पॉलिशचे बूट उचलून माळ्यावर टाकले आणि स्वतःची रबरी चप्पल त्यांच्या खुर्चीपाशी आणून आपटली. सोमवारी सकाळी सातच्या बसनं चिंतामणरावांना बिरशाला जायचं होतं, एकट्यानं, तो रस्ता आहे की नाही ते पाहायला.