पंख्याच्या विमानाचे बोल्ट

मामेभावाच्या लग्नाला गावी जायचं होतं, म्हणून मी आईचं आणि माझं जाता-येताचं विमानाचं तिकीट काढलं. आई खुशीत होती. मग शेजारच्या काकूंनी भोईवाड्याच्या आमच्या गॅलरीत बातमी आणली, की कोकणात जाणाऱ्या त्या छोट्या विमानाला दोन्ही बाजूंना पंखे असतात. आईने मान वर करून घरातल्या पंख्याकडे पाहिलं. तो जोरात लावला की डुलतो.

"मी एसटीन जातंय," ती म्हणाली.

मी परळला विमानदुरुस्तीच्या क्लासमध्ये शिकवते. वर्कशॉपमध्ये सरावासाठी एक जुनं इंजिन आहे. शनिवारी क्लास सुटल्यावर आईला तिथे नेलं.

"हा प्रोपेलर, म्हणजे काकूंचा पंखा. तुझ्या विमानाचा याहून मोठा असतो. चल, दोघी मिळून बसवू."

आईने पदर खोचला. मी बोल्ट पुसून हाताने लागतील तेवढे फिरवले आणि टॉर्क रेंच तिच्या हातात दिला.

"किती जोर लावायचा तो आकडा मी यावर लावलाय. तेवढा झाला की पाना टक् करतो. तिथे थांबायचं."

आईने ओढलं. टक्. मी थांब म्हणेपर्यंत तिने वर आणखी एक हिसका दिलाच.

"आई!"

"बरो घट्ट झालो मा?"

"जास्त झाला. बोल्ट ताणला जातो. वरून दिसत नाही, पण आतून कमजोर होतो." मी तो काढून बाजूला टाकला, नवा लावला.

"मगे सैल ठेवचो?"

"सैलही नको. सगळे सारखे हवेत. आधी थोडे थोडे, मग पुरते. आणि एक झाला की त्याच्या समोरचा घ्यायचा, नाहीतर प्रोपेलर तिरका बसतो."

आता ती मूठ धरून सावकाश ओढू लागली. टक् झालं की लगेच हात सोडायची आणि माझ्याकडे बघायची. शेवटच्या दोन बोल्टांना तर मला बोलूही दिलं नाही.

"त्या विमानाचे पण असेच आवळतत?"

"असेच. शिवाय नंतर दुसरा माणूस तपासतो."

"तो झोपाळू नसलो म्हणजे मिळवली."

विमानात तिने खिडकी मागून घेतली. प्रोपेलर फिरायला लागला आणि तिने माझं मनगट पकडलं. बघता बघता पाती दिसेनाशी झाली.

"खय गेलो गो?"

"तिथेच आहे. वेगामुळे दिसत नाही."

विमान वर चढलं, खाली खाडी दिसली, होड्या दिसल्या. होड्या मोजण्याच्या नादात माझं मनगट कधी सुटलं, तिला कळलंही नाही.

लग्नघरात विमानाची गोष्ट ऐकायला नवरीपेक्षा आईभोवती गर्दी जास्त. आई विमानाला घाबरलीय असं आधीच ऐकून मामाने आमची परतीची एसटीची तिकिटं काढून ठेवली होती. हळद लागायच्या आत आईने त्याला ती रद्द करायला लावली.