खणातलं गॅझेट

दुपारी माझ्या ओसरीच्या पायरीवर कुणी टेकलं, की आजही माझा हात आधी टेबलाच्या खणाकडे जातो. तिथे ती बसायची.

गोंदियात वकिली सुरू करून मला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. ती दवनीवाड्याकडची. नवरा लवकर गेलेला. सासऱ्याच्या बरोबरीने तिने कुळाची धानाची जमीन कसली. सासरा वारला आणि जमिनीच्या मालकाने, मालगुजाराने, जमीन परत मागितली. कूळ वारल्यावर जमीन त्याच्यासोबत कसणाऱ्या घरच्या माणसाकडे राहावी, असं कायद्यात कलम होतं. घरचं माणूस म्हणजे रक्ताचं, सून नव्हे, असं मालगुजाराच्या वकिलाचं म्हणणं. आधाराला त्याने वरच्या कोर्टाचे दोन जुने निवाडे टेबलावर ठेवले.

माझ्या पिशवीत त्या दोन्ही निवाड्यांना पुरून उरेल असं एक सरकारी गॅझेट होतं, नागपूरहून मागवलेलं. हा कायदा मांडणाऱ्या सभासदाला कायदे करणाऱ्या कौन्सिलात नेमका हाच प्रश्न विचारला गेला होता, आणि राबणारी सून यात आलीच, हे त्याचं उत्तर तिथे छापलेलं होतं. पण कायद्याचा अर्थ कायद्याच्याच शब्दांतून काढायचा, कौन्सिलातली भाषणं कोर्टात वाचायची नाहीत, हे आम्हा वकिलांचं सोवळं. मागे एकाने असं भाषण वाचायला काढलं, तर बाररूममध्ये महिनाभर त्याची टर उडवली गेली होती. उडवणाऱ्यांत मी पुढे होतो. न्यायाधीश फार तर 'नको' म्हणाले असते. तेवढंही ऐकायची माझी हिंमत झाली नाही. पिशवी मी उघडलीच नाही, आणि आम्ही हरलो.

अपील करायचं, तर खालच्या कोर्टात हे का दाखवलं नाही, ते वर सांगावं लागलं असतं. अपिलात काही अर्थ नाही, असं मी तिला सांगून मोकळा झालो. कायदा लिहिणाऱ्याच्या मनातलं शब्दांत नीट उतरलं नाही, असंही काहीबाही बोललो. तिने विचारलं,

"लिवणारा जित्ता हाये का?"

"आहे."

"मंग त्यालेच इचारा ना."

वेळ मारून न्यायला मी विचारतो म्हणालो.

त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी ती पायरीवर येऊन बसे. धानाच्या त्याच शेतांत, त्याच बांध्यांत, आता ती दुसऱ्याच्या रोवणीला मजुरीने जात होती. जबाब आला का, एवढंच विचारी. जबाब माझ्या टेबलाच्या खणात होता, त्या गॅझेटात छापलेला. वाचून दाखवला असता, तर जज्जसाहेबाला काऊन नाही दाखवला, असं तिने विचारलं असतं. त्या एका प्रश्नाला मी भ्यालो, याची मला आजही लाज वाटते.

शेवटची आली तेव्हा धान कापणीला आलं होतं.

"त्यानं नाही म्हटलं असन तरी सांगून टाका," ती म्हणाली. "आता येनं होत नाही."

माझा हात खणावर होता. जबाब आला नाही, असं मी सांगितलं.

"मोठा मानूस हाये, इसरला असन," ती मलाच समजावत म्हणाली, आणि पदर सावरून बाजाराकडे निघून गेली.