कितबित्ला म्हणजे नेमकं कोणी लिहिलं?

“मॅडम, मी बराबर ऐकलं. डॉक्टरनं लिहिलं, असंच म्हन्ली ती.” सुनीता रडायच्या बेतात होती.

ती अंबड तालुक्यातली नर्स. आखातातल्या एका हॉस्पिटलसाठी तिचा व्हिडिओ इंटरव्ह्यू नुकताच झाला होता. समोरची मेट्रन मूळची इराकी. ड्युटी संपवून निघालेली नर्स बनून ती पेशंटची माहिती अरबीत देत होती. सुनीतानं ती इंग्लिशमध्ये सांगायची. तिथंच ती चुकली. मेट्रननं येत्या सोमवारचा आणखी एक चान्स दिला.

मी जुन्या जालन्यात एका एजन्सीच्या ऑफिसात बोलीतली अरबी शिकवते. मालक कदीरभाई म्हणाले, “वीस वाक्यं पाठ करून घ्या मॅडम. जल्दी.”

“पाठ केल्यानं ऐकू येत नाही, भाई. रेकॉर्डिंग लावा.”

मेट्रन म्हणाली होती, ‘कितबित्ला’. म्हणजे ‘मी त्याला लिहिलं’. सुनीतानं ऐकलं ‘कितबला’, म्हणजे ‘त्यानं त्याला लिहिलं’. डॉक्टरला नर्सनं लिहून कळवलं होतं. हिनं लिहिणाराच बदलला.

चूक माझी होती. मी वर्गात इजिप्तची बोली शिकवली होती, तिथं हेच ‘कतब्तिलू’ होतं. या क्रियापदात ‘मी’ म्हणजे शेवटचा ‘त्’. त्याला पुढचा ‘ल्’ जोडला की ब्, त्, ल् अशी तीन व्यंजनं एकत्र येतात. जीभ अडखळते, म्हणून मध्ये ‘इ’ घालतात. इजिप्तचा माणूस ती ‘त्’नंतर घालतो, इराकी ‘त्’च्या आधी.

“एवढं समजायला वखत कुठं राह्यला, मॅडम?”

“काय म्हणालीस? वखत? मूळ शब्द ‘वक्त’. ‘त’च्या आधी तू ‘अ’ घातलास. इराकी असंच करतात.”

“म्हंजे मी इराक्यावानी बोलून राह्यले?” ती पहिल्यांदा हसली.

मग तीन दिवस एकच काम. मी क्रियापद बोलायची, तिनं सांगायचं: ‘मी’ की ‘तो’. ‘इत्’ ऐकू आला की ‘मी’. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ती चुकायची थांबली.

सोमवारी मी लॅपटॉपच्या मागं बसले. मेट्रननं नवंच क्रियापद काढलं, ‘तिलबित्ला’. अर्थ तिला वर्गातून ठाऊक होता, पण सरावात आम्ही ते घेतलंच नव्हतं. सुनीता ओठांतल्या ओठांत ‘इत्’ पुटपुटली. मग इंग्लिशमध्ये ठाम सांगितलं, “पेशंटसाठी रक्त नर्सनं मागवलंय. डॉक्टरनं नाही.”

मेट्रननं मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. गुरुवारी सिलेक्शन लेटर आलं.

आता माझ्या ॲडमिशन फॉर्मवर पहिला प्रश्न असतो: तुमचा वरिष्ठ कुठल्या देशाचा? आणि ‘अरबी सगळीकडे सारखीच’ हे वाक्य मी वर्गात बोलत नाही.