जपानी तक्त्यातली दोन नावं

पिपलानीच्या सरकारी कारखान्याच्या वसाहतीत आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहणारे अच्युतकाका मूळ नागपूरचे, कारखान्यात फिटर. देवपूजेत त्यांचं मन कधी रमलं नाही, पण सरकारी परिपत्रकावर भारी श्रद्धा. सरकार परदेशातून काही आणतं ते पारखूनच आणत असणार, असं ते मला बजावायचे.

सत्त्याऐंशी साली जपानहून 'क्वालिटी सर्कल' आलं. दर गुरुवारी पाळी संपल्यावर कामगारांनी तासभर बसायचं आणि काम सोपं कसं होईल ते सुचवायचं. काकांनी त्यात जीव ओतला. जो अवजड भाग बसवायला सहा माणसं लागत, तो चौघांत बसेल असा चाकांचा सांगाडा त्यांनी आखला. जोडला तो त्यांच्याच टोळीतल्या दत्तूकाका आणि विश्वास यांनी, आणि त्यामुळे मोकळे होणार होते तेही हेच दोघे. सूचना भरून द्यायच्या जपानी तक्त्यात शेवटचा रकाना होता, 'वाचलेली माणसं'. तिथे नुसतं 'दोन' लिहायचं होतं. काकांना ते पटेना. माणसाचा आकडा कसा करायचा? कौतुक व्हायचं ते नावानिशी व्हावं म्हणून त्यांनी दोघांची नावं ठसठशीत अक्षरात लिहून टाकली. दत्तूकाका तर त्यांचे जिवलग, वीस वर्षं एका डब्यात जेवलेले.

जपानात म्हणे असा मोकळा झालेला माणूस घरी पाठवत नाहीत, त्याला नवं काम शिकवतात. ते कलम तेवढं आपल्या विमानात चढलंच नाही.

पाच वर्षांनी विलायतेच्या धर्तीवर स्वेच्छानिवृत्ती आली. साहेबांना जादा माणसांची यादी हवी होती. सर्कलची जुनी फाइल उघडली, तर नावं तयार! विश्वास तोवर नोकरी सोडून गेला होता; मग दत्तूकाकांना रोज केबिनमध्ये बोलावून त्यांची 'स्वेच्छा' विचारली जाऊ लागली. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी सही केली.

काका साहेबांकडे धावले. साहेब शांतपणे म्हणाले, "अच्युतजी, फालतू कौन है ये हमने तय नहीं किया. आप ही का लिखा हुआ है."

मला त्या साहेबाचा आजही संताप येतो. काका मात्र स्वतःलाच खात राहिले.

क्वार्टर सोडायच्या दिवशी दत्तूकाका अंगणात वळकटी बांधत होते. "माझं नाव कोणी दिलं असेल रे?" त्यांनी काकांनाच विचारलं.

"मी," काका म्हणाले. "तुझा मान वाढेल असं वाटलं होतं."

दत्तूकाकांनी दोरीची गाठ आवळली. "लिहिण्याआधी मला एकदा विचारायचं तरी होतंस, अच्युत."

वळकटी उचलायला काका पुढे झाले. दत्तूकाकांनी ती त्यांच्या हातून काढून घेतली आणि ते टेम्पोत जाऊन बसले.