श्वासच बघायलोय, अक्का!

शाळेतून रिटायर झाल्यापासून दर शनिवारी आमच्या सीमाभागातल्या, मराठी-कन्नड दोन्ही चालणाऱ्या जेलमध्ये कैद्यांना ध्यान शिकवायला जाते म्हटलं, की लोक हळूच विचारतात, "भीती नाही वाटत?" अहो, भीती कसली! हसू आवरायची पंचाईत! माहेरी जनवाड्याला गेले की भाऊ पाण्याच्या आधी विचारतो, "नवीन काय?" आणि सांगायला काहीच नाही, असं अजून झालेलं नाही.

*

पहिल्या दिवशी म्हटलं, "डोळे मिटा." एकानंही मिटले नाहीत. शेवटी मागून एक जण म्हणाला, "अक्का, हितं डोळा मिटायचं भ्या वाटतंय. आधी त्यास्नी मिटायला सांगा की!" बोट दाराशी उभ्या शिपायाकडे!

शिपाई भला माणूस. स्टुलावर बसला, डोळे मिटले. मग हळूहळू सगळ्यांनी मिटले. छान शांतता पसरली... आणि घोरणं सुरू झालं! मी शिपायाला उठवायला निघाले, तर पुढचा कैदी दबक्या आवाजात म्हणाला, "ऱ्हाऊ द्या अक्का, डबल ड्यूटी करायलेत बिचारे!"

*

उदगीरकडचे एक आप्पा नवे आले होते. कन्नडचा गंध नाही. मी वर्गाला कन्नडमध्ये म्हटलं, "उसिरु नोडि." म्हणजे श्वास बघा.

आप्पा उसळलेच. "उशीरच बघायलोय की! वकील नुसता व्हईल, व्हईल म्हणायलाय!"

*

"विचार आले तर धरून ठेवू नका, सोडून द्या," असं मी एकदा समजावत होते.

एक पोरगेला कैदी म्हणाला, "मला जामीन मिळंना झालाय, अन् ह्यांना कामून सोडू?"

*

चिटगुप्प्याच्या बसस्टँडवर बस न थांबताच निघाली, म्हणून मी कंट्रोलरशी कडाकडा भांडत होते. आवाज टिपेला. मागून कुणीतरी अदबीनं म्हणालं, "अक्का, श्वास कुठं हाय?"

वळून बघते, तर आमचाच सुटलेला विद्यार्थी!

*

आणि हा माणिक. मारामारीच्या केसमध्ये आत आलेला. झोपेत ओरडत उठायचा, शेजारचे वैतागायचे. बायको त्याचा फोनच घेत नव्हती. वर्गाला यायला लागला तशी त्याला झोप लागू लागली, पण फोनचं काही जमेना.

एका शनिवारी आला तो चेहरा उजळून. "अक्का, तिनं फोन उचलला!"

"काय बोललास रे?"

"काईच न्हाई. ती बी गप. मग तिचा श्वासच ऐकत बसलो. आदी लई जोरात चालायला होता. मग सावकाश झाला."

"आणि?"

"टाइम संपायला आला, तवा ती म्हणली, 'अवं, काय करायलाव?' म्या म्हणलं, 'तुजा श्वास बघायलोय.'"

"मग?"

"मग काय अक्का... हसली!"