आईसाठी शोधलेला इतिहास

डोळ्यांच्या डॉक्टरांकडून घरी आल्यावर आईनं चपला काढता काढताच जाहीर केलं, "आता परीक्षा-बिरीक्षा काय नाय. शिकले तेवढं पुरे."

बीएचं शेवटचं वर्ष होतं तिचं. घरी बसून, विषय इतिहास. दहावी झाल्या झाल्या लग्न होऊन ती कडावहून इथं खोपोलीजवळ आली. आमची शिक्षणं, लग्नं उरकली आणि मग पन्नाशी उलटल्यावर तिनं हे खूळ डोक्यात घेतलं. खूळ हा बाबांचा शब्द. आता साखरेनं डोळे खाल्ले होते आणि पुस्तकातलं एक अक्षर तिला दिसत नव्हतं. मला फार भीती वाटली. तिनं हे सोडलं तर ती हळूहळू सगळंच सोडून देईल, अंगणात यायचंसुद्धा, असं मला वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर बाबांनी तिच्याशेजारी खुर्ची ओढली आणि मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. ढोल, तलवारींचा खणखणाट, आणि एक माणूस घसा फोडून सांगतोय की हा इतिहास आजवर तुमच्यापासून लपवला होता.

"बंद करा ते," आई म्हणाली. "ह्याला कुणी सांगितलं हे सगळं?"

"अगं, लाखो लोकांनी बघितलाय हा."

"बघू दे की. ह्याला कुठनं कळलं ते सांगा."

ही तिची जुनी सवय. कुणाच्या घरची भानगड घेऊन बाई आली की आई आधी विचारणार, तू होतीस का गं तिथं? त्यामुळे आमच्या दारात चुगल्या फार वेळ टिकत नाहीत.

बाबांनी साजगावच्या एका कारखान्यात गेटवर माल उतरवून घेण्यात जन्म काढला. माल कुणी पाठवला, कुठून निघाला, याचं चलन हातात पडल्याशिवाय ते टेंपो आत सोडत नसत, मग ड्रायव्हर सख्खा मेव्हणा का असेना. आईचा प्रश्न त्यांना बरोबर कळला. त्यानंतर त्यांनी एकेक व्हिडिओ तपासायला घेतला. बोलणारा कोण, कुठली पुस्तकं वाचून बोलतोय, ते खाली दिलंय का? नसलं की म्हणायचे, "ह्याचं चलन नाय. जाऊ दे परत." दोन दिवसांत जवळपास सगळाच माल परत गेला.

शनिवारी मी सासरहून, कर्जतहून आले तर बाबा घामाघूम. सर्चच्या चौकटीत त्यांनी लिहिलं होतं, 'कृपया जुन्या काळातील शेतसारा याबद्दल खरी माहिती द्यावी, ही विनंती.' मी इतकी हसले की पोटात दुखायला लागलं.

"हसू नको गं. मागायची रीत असते," ते म्हणाले.

मग मी त्यांना जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर उघडून दिलं. स्कॅन केलेली जुनी पुस्तकं फुकट वाचायला मिळतात ती साइट दाखवली. प्राध्यापकांची व्याख्यानं शोधून दिली. त्यांच्याखाली पुस्तकांची ही लांबलचक यादी होती. ती बघून बाबांचा चेहरा असा खुलला, जसा पगाराच्या दिवशी खुलायचा.

मोबाइलला वाचायला लावून पाहिलं, पण आईला ते पटेना. "ही बाई दमच घेत नाय," म्हणाली. शिवाय स्कॅन केलेली पानं म्हणजे नुसते फोटो, ते त्या बाईला वाचताच येईनात. राहिले कोण? नववीत शाळा सोडलेले आमचे बाबा.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. 'केंद्रीकरण' म्हणताना दोनदा अडखळायचे, पाणी प्यायचे, पुन्हा मागून धरायचे. एकदा दोन पुस्तकांत एकाच लढाईबद्दल दोन तऱ्हा निघाल्या, तर भडकलेच. "दोघांतला एक खोटं बोलतोय."

"नाय वो," आई म्हणाली. "दोघं दोन बाजूंना उभे व्हते. दोन्ही वाचा."

त्या दिवशी मला कितीतरी आठवड्यांनी तिचा जुना आवाज ऐकू आला. बाबांचं मात्र लक्ष नव्हतं, ते दुसरं पान मोठं करत बसले होते. पावसाळाभर हे असंच चाललं. भात कापून झालं तेव्हा तिनंच विचारलं, परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत संपली तर नाय ना?

पेपरला तिला लेखनिक मिळाली. आई सांगणार आणि ती मुलगी लिहिणार. आम्ही दोघं कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून होतो. बाबांनी चहासुद्धा घेतला नाही.

पेपर सुटल्यावर आई त्या मुलीचा हात धरून सावकाश बाहेर आली. बाबा धावतच पुढे गेले.

"आठवलं का गं सगळं?"

"आठवायला कुठं लागलं? कानातच व्हतं," आई म्हणाली. "ही पोरगी घाई करायची, पुढं सांगा, पुढं सांगा. मी म्हनलं, थांब जरा बाय. आमचे हे अजून वाचतायत."

बाबांना एकदम रडू फुटलं. तिथंच, सगळ्या पोरापोरींसमोर, तोंडावर हात दाबून. मलाही आवरलं नाही. आई मान इकडेतिकडे करत त्यांचा अंदाज घेत उभी होती.

"अवो," ती म्हणाली, "गप का झालात? बोला की."